आटलेल्या विहिरीत भूकंपमापक: जमिनीचा कानोसा घरच्या घरी

आमच्या मळ्यातली जुनी विहीर ४५ फूट खोल आहे. आजोबांच्या काळी तिच्यावर मोट चालायची, मग ऑइल इंजिन आलं, मग विजेची मोटार, आणि आजूबाजूला सगळ्यांचे साडेसहा इंची बोअर पाच-सहाशे फुटांवर गेले तशी ती आटत गेली, आता पावसाळा आणि त्यानंतरचे थोडे महिने सोडले तर तळाला नुसता गाळ असतो. लातूर भागात अशा विहिरी गावोगाव दिसतील. कुणी त्यात कचरा टाकतं, कुणी मुरूम टाकून बुजवतं. आम्ही तिच्या तळाशी भूकंप नोंदवणारा एक छोटा सेन्सर ठेवलाय.

हे ऐकलं की समोरचा पहिलं विचारतो, मग भूकंप यायच्या आधी कळतं का तुम्हाला? नाही कळत. आमच्या सेन्सरला नाही, सरकारच्या मोठ्या यंत्रांना नाही आणि जपानलाही नाही. भूकंप कधी, कुठे, किती मोठा येणार हे आधी सांगणारं यंत्र आजघडीला जगात कुणाकडेच नाही, त्यामुळे कुणी तसं सांगून काही विकत असेल तर घेऊ नका. हा सेन्सर फक्त ऐकतो आणि लिहून ठेवतो. पण तेवढंही किती मोलाचं आहे ते आमच्या औसा तालुक्यात वेगळं सांगावं लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती विसर्जनाच्या रात्री, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला, ६.२ तीव्रतेचा, आणि दहा हजारांच्या आसपास माणसं गेली, बहुतेक सगळी दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाच्या ओझ्याखाली झोपेतच. त्याच्या आदल्या वर्षी, १९९२ च्या ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये, किल्लारीला लहान लहान धक्क्यांची एक मालिकाच झाली होती. ते धक्के जवळून नीट मोजले गेले असते तर भूकंप टळला असता असं मी म्हणणार नाही. पण या भागात तेव्हा यंत्रांचं जाळं फारच विरळ होतं आणि जमिनीखाली नेमकं कुठे हालतंय याची बारीक नोंद ज्या काळात पाहिजे होती त्या काळात ती पुरेशी नव्हती, ही गोष्ट मला अजून टोचते.

आता यंत्र काय असतं ते बघू. सगळ्यात साधा सेन्सर म्हणजे जिओफोन. काडेपेटीपेक्षाही लहान असा धातूचा डबा, आत एक लोहचुंबक आणि स्प्रिंगवर टांगलेली तांब्याच्या तारेची गुंडाळी. जमीन हलली की डबा आणि चुंबक जमिनीबरोबर हलतात पण स्प्रिंगवरची गुंडाळी जडत्वामुळे क्षणभर जागेवरच राहायला बघते, म्हणजे चुंबक आणि तार एकमेकांच्या तुलनेत सरकतात आणि तारेत अगदी बारीक वीज तयार होते. सायकलच्या डायनामोचंच तत्त्व. जमीन जितक्या वेगाने हलेल तितकी वीज जास्त. ती वीज मोजून, सेकंदाला शंभर वेळा आकड्यात लिहून, प्रत्येक आकड्यावर अचूक वेळेचा शिक्का मारून साठवायची, झाला भूकंपमापक. पूर्वी हे काम फक्त वेधशाळांना परवडायचं. २०१६ मध्ये पनामा देशातल्या एका टीमने रास्पबेरी शेक नावाचं यंत्र आणलं, त्यात रास्पबेरी पाय हा पत्त्याच्या कॅटएवढा कम्प्युटर आणि हाच जिओफोन एकत्र बसवलेला आहे, तेव्हापासून जगभर शाळा, घरं, हौशी लोक यांच्याकडे अशी यंत्रं गेली. जागा शांत असेल तर साठ-सत्तर किलोमीटरमधला २ च्या वरचा धक्का सुद्धा यात पकडता येतो, जो माणसाला बहुतेक वेळा जाणवतही नाही.

अडचण त्या "जागा शांत असेल तर" मध्येच आहे.

जमीन कधीच गप्प नसते. रस्त्यावरचा ट्रक, शेजारचा ट्रॅक्टर, पिठाची गिरणी, मोटारपंप, वाऱ्याने डोलणारं झाड (त्याची मुळं जमीन हलवतात, खरंच), गोठ्यातली म्हैस उठली-बसली तरी घरातल्या फरशीवर ठेवलेला जिओफोन ते सगळं लिहितो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये जगभरच्या यंत्रांवर माणसांच्या धावपळीचा हा आवाज खूप ठिकाणी निम्म्यापर्यंत खाली आलेला दिसला होता, आणि त्या अभ्यासात वेधशाळांच्या बरोबरीने हौशी लोकांच्या घरातली यंत्रंसुद्धा होती. लहान भूकंपाची सही या गोंगाटात हरवते. यंत्र कितीही भारी घ्या, लग्नाच्या बँडशेजारी उभं राहून कुणाची कुजबूज ऐकू येणार नाही.

विहीर इथे कामाला येते. विहिरीत पोहायला शिकलेल्यांना हे लगेच कळेल: वर पोरं उड्या मारत असतात, पाणी नुसतं हिंदकळत असतं, पण दोन पुरुष खोल बुडी मारली की एकदम शांत. जमिनीचंही बरंचसं तसंच आहे. वरच्या गोंगाटाच्या लहरी बहुतेक करून पृष्ठभागालगत पसरतात आणि खाली जाऊ तसतशा विरतात. भूकंपाची लहर मात्र खालून वर येते, त्यामुळे तळाशी बसलेल्या सेन्सरला गोंगाट कमी आणि भूकंप जवळपास तेवढाच मिळतो. जवळपास म्हणालो कारण पृष्ठभागावर पोचलेली लहर तिथून परत फिरताना दुप्पट हलवते आणि खाली तो दुपटीचा फायदा मिळत नाही, पण गोंगाट त्याहून जास्त उतरत असेल तर सौदा परवडतो.

किती खोल गेलं म्हणजे किती शांत, याचं उत्तर लहरीच्या लांबीवर आहे. ट्रॅक्टर, माणसांची पावलं, पंप यांच्या कंपनाची लांबी मुरमाड जमिनीत वीस-तीस मीटर असते आणि अशी लहर साधारण आपल्या निम्म्या लांबीएवढ्या खोलीवर बरीच मऊ होते, म्हणजे ४५ फुटांची, चौदा मीटरची विहीर तिला चांगलीच दाबते. पण दूरच्या हायवेची संथ घरघर घेतली, सेकंदाला एक-दोन कंपनांची, तर तिची लांबी काहीशे मीटर, तिला आपली विहीर म्हणजे काहीच नाही. आणि समुद्राच्या लाटांमुळे सगळी जमीनच पाच-सात सेकंदांच्या झुल्यावर डुलत असते, मान्सूनमध्ये अरबी समुद्र खवळला की ते वाढतं, ते तर विहिरीत कणभर कमी होत नाही. त्यामुळे विहिरीत टाकलं की सगळा आवाज बंद होईल अशी अपेक्षा ठेवू नका. घराजवळचा, गावातला खडखडाट कमी होतो, आणि लहान जवळचे भूकंप ज्या फ्रिक्वेन्सीवर बोलतात तीच नेमकी मोकळी होते.

खरं तर मला विचाराल तर खोलीपेक्षाही मोठा फायदा खडकाचा आहे. आमच्याकडे वर काळी माती, पावसात फुगणारी, उन्हात हातभर भेगा पडणारी. तिच्यावर काहीही ठेवा, वर्षभरात कलतंच. तिच्याखाली मुरूम, मग मांजऱ्या म्हणजे मऊ खडक, मग काळा कातळ, म्हणजेच बेसाल्ट. हे थर एकदा खोदून आजोबांच्या पिढीने ओलांडून ठेवलेले आहेत! विहिरीच्या तळाला तुम्हाला फुकटात कातळ मिळतो, आणि कातळाला घट्ट चिकटलेला सेन्सर म्हणजे डॉक्टरने सदऱ्यावरून न लावता छातीला टेकवलेला स्टेथोस्कोप. हा कातळ तरी किती जाड, तर किल्लारीला भूकंपानंतर ६१७ मीटरचं बोअर घेतलं होतं त्यात बेसाल्ट ३३८ मीटरवर संपला आणि थोड्या गाळाच्या थराखाली जुना ग्रॅनाइटसारखा पाया लागला. कोयनेकडे हाच बेसाल्ट सव्वा किलोमीटरच्या आसपास आहे.

कोयनेचं नाव निघालं म्हणून सांगतो, आपण विहिरीत करतोय तेच काम शास्त्रज्ञ तिथे फार मोठ्या प्रमाणावर करतात. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला ६.३ चा भूकंप झाला, धरणात पाणी साठल्यामुळे चेतवलेल्या भूकंपाचं ते जगातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण, आणि तिथे आजही छोटे धक्के चालूच आहेत. हैदराबादच्या एनजीआरआय या भूभौतिकी संशोधन संस्थेने त्या भागात साधारण दीड किलोमीटर खोल बोअरमध्ये सेन्सर सोडले, बेसाल्ट ओलांडून खालच्या ग्रॅनाइटपर्यंत, म्हणजे वरचा सगळा गोंगाट टाळून भूकंपाच्या शेजारीच कान. कऱ्हाडला त्यासाठी खास संशोधन केंद्र आहे आणि गोठणे इथे ३ किलोमीटर खोलीचं पायलट, म्हणजे चाचणीचं, बोअर २०१७ मध्ये पूर्ण झालं. जपानने तर १९९५ च्या कोबे भूकंपानंतर देशभर आठशेच्या आसपास ठिकाणी शंभर मीटर आणि त्याहून खोल बोअर मारून सेन्सर खाली ठेवले. आपली ४५ फुटी विहीर त्यांच्यापुढे लहान आहे पण तत्त्व तेच.

पण बोअर आणि विहीर यात एक फरक आहे जो बसवताना त्रास देतो. बोअर अरुंद, त्यात सेन्सर सोडून भोवती वाळू भरली की संपलं, तो जमिनीचाच भाग होऊन जातो. विहीर म्हणजे पंधरा-वीस फूट रुंदीचा मोकळा हौद. वारा वरून गेला की बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यासारखी हवा आत घुमते. पारवे कपारीत घरटी करतात आणि त्यांची फडफड ग्राफवर दिसते, पहिल्या आठवड्यात आम्हाला रोज पहाटे एकाच वेळी काहीतरी हालतंय असं दिसायचं ते पारवे उडायची वेळ होती. म्हणून विहिरीवर झाकण पाहिजे, आणि पत्रा टाकणार असाल तर तो असा आवळा की वाऱ्यात खडखडणार नाही, नाहीतर झाकणच गोंगाट करेल. वर जाळी, पारव्यांना शिरायला भोक ठेवू नका. झाकण सेन्सरपेक्षाही जास्त आणखी एका कारणासाठी पाहिजे, उघडी विहीर आणि उघडं बोअर लेकरांचे जीव घेतं. सोडून दिलेली बोअर बंद करण्याबद्दल सुप्रीम कोर्टाने २०१० मध्येच सूचना दिल्यात. सेन्सर बसवा न बसवा, झाकण बसवाच.

आता उतरण्याबद्दल, आणि हे मी कळकळीने सांगतोय. जुन्या बंद विहिरीत तळाला कार्बन डायऑक्साइड साठतो, तो हवेपेक्षा जड, पालापाचोळा कुजला की ऑक्सिजन कमी होतो, कुजका गाळ ढवळला की आणखी विषारी वायू सुटतात. एक माणूस उतरतो, बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा, आणि दरवर्षी अशा बातम्या येतात, एका घरातले दोन-तीन जण एकाच विहिरीत. आपल्याकडे कंदील सोडून बघायची पद्धत आहे, कंदील विझला तर उतरायचं नाही हे शंभर टक्के बरोबर, पण कंदील विझला नाही म्हणजे सगळं ठीक असं नसतं, काही विषारी वायू ज्योत विझवत नाहीत. गॅस मोजायचा मीटर भाड्याने मिळाला तर बघा, ब्लोअरने वरून हवा सोडत राहा, उतरणाऱ्याच्या कमरेला पट्टा आणि दोर, वर दोन-तीन माणसं, आणि सरळ सांगायचं तर विहिरीचा गाळ काढणारे क्रेनवाले असतात त्यांच्याकडून काम करून घ्या. खाली कुणी कोसळलं तर वरच्याने मागोमाग उडी टाकायची नाही, दोराने ओढायचं.

गाळ पूर्ण काढला पाहिजे. हे कंटाळवाणं काम आहे आणि इथेच लोक कमी करतात, फूटभर गाळ राहू देतात आणि त्याच्यावर काँक्रीट टाकतात. गाळावरचं काँक्रीट म्हणजे गादीवर ठेवलेली फरशी. कातळ उघडा करा, तारेच्या ब्रशने घासा, धुवा, आणि त्याच्यावर दीड-दोन फुटांचा चौकोनी, चार-सहा इंच जाडीचा सिमेंटचा ओटा टाका, विहिरीच्या बांधकामाला न टेकवता, कारण कडेची भिंत वरच्या मातीशी जोडलेली असते आणि वरचा सगळा हलकल्लोळ खाली आणते. ओटा मिस्त्रीकडून पाणसळीत घ्या, सेन्सर तिरका बसला तर आतली गुंडाळी एका बाजूला कलून घासते. तीन दिशांचा सेन्सर असेल तर त्याची उत्तरेची खूण होकायंत्राने उत्तरेला लावा आणि हे ओटा टाकतानाच ठरवा, मोटारीचं लोखंडी सामान आधी वर काढून, नाहीतर होकायंत्रच चुकतं. वरून थर्माकोलचा डबा उपडा घाला, हवेचा झोत आणि तापमानाचा चढउतार लागू नये म्हणून.

वेळ अचूक लागते, कारण दोन ठिकाणच्या नोंदी जुळवायच्या तर सगळ्यांची घड्याळं एक पाहिजेत. विहिरीत जीपीएसचा सिग्नल येत नाही, त्यामुळे अँटेना वर काढा किंवा इंटरनेटवरून वेळ घ्या. केबलबद्दल आमचा अनुभव असा की विहीर ते घर तांब्याची लांब केबल टाकू नका. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये आणि पावसाळ्याच्या तोंडावर विजा किती पडतात ते माहितीये सगळ्यांना, लांब तार म्हणजे त्यांना आमंत्रण. सौर पॅनल आणि बॅटरी विहिरीजवळच, डेटा ऑप्टिकल फायबरने किंवा वायफायने, अर्थिंग पक्कं, आणि पॅनलचा खांब विहिरीपासून तीस-चाळीस फूट लांब, तो वाऱ्यात हलतो.

राहिलं पाणी. कोरडी विहीर बारा महिने कोरडी असतेच असं नाही. पहिल्या वर्षी आम्ही हे विसरलो, म्हणजे विसरलो नाही, मनात धरलं की इतकी वर्षं पावसाळ्यातही जेमतेमच पाणी येतंय तर आता जास्त कुठून येणार. सप्टेंबरमध्ये दोन रात्री मोठा पाऊस झाला आणि सकाळी तळाला पुरुषभर पाणी, डब्याचं रबर दाब सहन करू शकलं नाही आणि आतला बोर्ड गेला. त्यामुळे आता जूनच्या पहिल्या आठवड्यात सेन्सर वर, घरातल्या खालच्या खोलीच्या फरशीवर, आणि पाणी पूर्ण उतरलं की परत खाली. तुमची विहीर किती भरते ते आधी दोन पावसाळे बघा, काठावरच्या दगडांवर पाण्याच्या जुन्या रेषा असतात, त्या कधी खोटं बोलत नाहीत. आणि जर ती चांगली भरत असेल, तर माझं स्पष्ट मत, तिचं पुनर्भरण करा, सेन्सर नाही. आमच्या भागात पाणी आधी. भूकंपमापक बोअरमध्ये किंवा चार फूट खोदून कातळावरही बसतो, थोडा कमी शांत इतकंच.

हे सगळं झाल्यावर ग्राफ वाचायचा कसा. भूकंपातून दोन मुख्य लहरी निघतात. पी लहर पुढेमागे ढकलत येते, कठीण खडकात सेकंदाला सहा किलोमीटरच्या आसपास, आणि एस लहर आडवी हलवत, साडेतीन किलोमीटरच्या आसपास. म्हणजे दोघी एकाच वेळी निघतात पण पी आधी पोचते. जितका भूकंप लांब तितकं दोघींमधलं अंतर जास्त, विजेचा लखलखाट आणि गडगडाट यासारखंच. हिशोब इतका सोपा की शाळेतली पोरं करतात: दोघींमधले सेकंद मोजा आणि ८ ने गुणा, भूकंप किती किलोमीटरवर झाला ते आलं. २१ मार्च २०२४ ला सकाळी सहाच्या सुमाराला हिंगोली भागात ४.५ चा धक्का झाला आणि दहा-अकरा मिनिटांनी ३.६ चा, तेव्हा सेन्सर विहिरीत होता, दोन्ही स्वच्छ आले. वीस सेकंदांच्या आसपासचं अंतर, वीस आठे एकशे साठ, म्हणजे कळमनुरी-औंढ्याकडचा. एका यंत्रावरून फक्त अंतर कळतं, दिशा नक्की सांगता येत नाही, नकाशावर तुमच्याभोवती एक वर्तुळ येतं, तीन ठिकाणची वर्तुळं जिथे छेदतील तो केंद्रबिंदू. म्हणून एकट्या विहिरीपेक्षा तीन गावच्या तीन विहिरी कितीतरी जास्त कामाच्या. त्याच वर्षी १० जुलैचा ४.५ चा धक्का आला तेव्हा सेन्सर घरातल्या फरशीवर होता, मोठा होता म्हणून दिसला, पण सकाळी सातची वेळ, घरात सगळ्यांची ये-जा, भांडी, मोटार चालू, त्यात पी लहर नेमकी कुठे सुरू झाली ते बोट ठेवून सांगता येईना.

सगळ्यात जास्त उपयोग मात्र भूकंप नसलेल्या गोष्टींसाठी होतोय असं मला दिसतं. लातूर, हिंगोली, नांदेडकडे गावांमधून बातम्या येतात, जमिनीतून गूढ आवाज. माणसं रात्र रात्र बाहेर झोपतात, किल्लारी ज्यांनी पाहिलंय त्यांची भीती खोटी नाही. असा आवाज कधी खरंच लहान आणि उथळ भूकंपाचा असतो, त्याची लहर जमिनीतून वर येऊन हवेला हलवते आणि कानाला तोफेसारखी ऐकू येते. कधी खाणीतला सुरुंग असतो, कधी आकाशात खूप वेगाने गेलेलं विमान. ग्राफवर हे बरंचसं वेगळं दिसतं: भूकंपात पी आणि मागून तिच्यापेक्षा मोठी एस, सुरुंगात पी ठळक आणि एस लंगडी, शिवाय सुरुंग दिवसा, खाणीच्या ठरलेल्या वेळेला. आणि हवेतून आलेला आवाज सेकंदाला ३४० मीटरने येतो, जमिनीतल्या लहरीपुढे कासवच, दोन सेन्सर थोड्या अंतरावर असले की तो कुठल्या वेगाने आला ते कळतं. आमच्याकडे मागच्या उन्हाळ्यात असाच बोभाटा झाला, आईने रात्री अकराला विचारलं, बघ रे तुझ्या विहिरीत काय आलंय. त्या वेळेला ग्राफ सरळ होता. जमीन हलली नव्हती. आई आत जाऊन झोपली.

आणि लांबचे भूकंप. ६ फेब्रुवारी २०२३ ला तुर्कस्तानात ७.८ चा भूकंप झाला, आपल्याकडे सकाळचे पावणेसात वाजत होते. तिथून इथपर्यंत साधारण चार हजार तीनशे-चारशे किलोमीटर, पृथ्वीच्या पोटातून पी लहर सात-साडेसात मिनिटांत आली. टीव्हीवर बातमी यायच्या आधी विहिरीच्या तळाने ती लिहून ठेवली होती. आपला जिओफोन इतक्या संथ लहरींसाठी बनवलेला नाही, त्यामुळे नोंद बारीकच होती, पण होती.

मोठ्या धक्क्यानंतर राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राचं भूकंप (BhooKamp) ॲप उघडून त्यांची वेळ आणि आपला ग्राफ ताडून बघायची सवय लावा, काही महिन्यांत डोळा तयार होतो. ज्यांना हे करायचंय त्यांनी दिवाळीनंतर विहिरीतलं पाणी बघून सुरुवात करावी, गाळ जानेवारी-फेब्रुवारीत काढावा, ओटा टाकून त्याला तीन आठवडे पाणी मारावं, आणि सेन्सर खाली सोडायच्या आधी आठ दिवस घरातल्या फरशीवर चालवून त्याची नोंद जपून ठेवावी. नंतर विहिरीतली नोंद तिच्याशेजारी ठेवली की तुमच्या विहिरीने नेमका किती गोंगाट कमी केला ते तुमच्याच आकड्यात दिसेल.